शिकारी कुत्र्याचं पिल्लू: पहिल्या काही महिन्यांत काय शिकवायचं आणि काय अजिबात नाही

पिल्लू घरी आलं की पहिल्या आठवड्यातच लोकांना घाई होते, ह्याला ससा कधी दाखवायचा, बंदुकीचा आवाज कधी ऐकवायचा, पाण्यात कधी टाकायचं. माझं उत्तर नेहमी एकच असतं, आत्ता नाही. नाक, पळायची हौस, हलणाऱ्या गोष्टीच्या मागे जायची ओढ हे सगळं ते आईबापाकडनं घेऊनच आलेलं असतं, ते तुम्हाला शिकवावं लागत नाही आणि नसेल तर शिकवून येतही नाही. तुम्ही शिकवायचं ते एवढंच की हाकेला यायचं, तोंडातली वस्तू हातात द्यायची आणि आवाज, पाणी, झाडी, अनोळखी जागा ह्यातल्या कशालाही घाबरायचं नाही. ह्यातही शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण बाकीचं वर्षभर उशिरा शिकवलं तरी चालतं पण लहानपणी बसलेली भीती काढायला महिनेच्या महिने जातात आणि कधीकधी ती निघतच नाही.

सुरुवातीलाच एक सांगतो, जिथे राहता तिथला शिकारीचा कायदा आधी नीट बघा. बऱ्याच ठिकाणी शिकार पूर्ण बंद आहे, जिथे चालू आहे तिथे परवाना लागतो, हंगाम ठरलेला असतो, कुठला प्राणी किती मारायचा ह्यावर मर्यादा असते आणि कुत्रा मोकळा सोडून रानात कधी फिरवता येतो ह्याचेही नियम असतात, कारण पक्ष्यांच्या विणीच्या दिवसांत मोकळा कुत्रा घरटी उधळतो. बंदी असलेल्या ठिकाणी राहत असाल तरी खाली लिहिलेलं बहुतेक सगळं डमीवर (म्हणजे सावजाऐवजी फेकायच्या मऊ वस्तूवर) आणि खाऊच्या वासाच्या मागावर करता येतं, अशा कुत्र्यांना नाकाचं काम दिलं नाही तर ती घरात धुडगूस घालतात, त्यामुळे काम द्यायलाच पाहिजे.

इथे मी बोलतोय ते छोट्या शिकारीबद्दल, म्हणजे ससा, खार, तितर, लावा, रानबदक असली. ह्यातलं तुम्हाला काय करायचंय त्यावर कुत्रा ठरतो, आणि हे पिल्लू घ्यायच्या आधी ठरवायचं असतं. बीगल जमिनीला नाक लावून सशाचा माग काढतो आणि भुंकत जातो, ससा घाबरून थोडा लांब पळतो पण आपला इलाका सोडून जात नाही, गोल फिरून परत तिथेच येतो, म्हणून बीगलबरोबर शिकार करणारा माणूस एका जागी उभा राहून वाट बघतो, कुत्रा फार वेगवान नसला तरी चालतं, माग न सोडणारा पाहिजे. स्प्रिंगर किंवा कॉकर स्पॅनियल झुडपात घुसून सावज उठवतो, त्यामुळे तो बंदुकीच्या टप्प्यात, म्हणजे साधारण २५-३० पावलांच्या आतच राहायला हवा. पॉइंटर आणि सेटर जातीची कुत्री लांबवर फिरतात आणि पक्ष्याचा वास लागला की जागच्या जागी थिजून उभी राहतात. लॅब्रेडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर हे पडलेलं सावज आणून देणारे. खारीसाठी लहान टेरियर छाप चपळ कुत्री वापरतात जी खारीला झाडावर चढवून खाली उभी राहून भुंकतात. दिसायला कितीही देखणं असलं तरी ज्याचे आईबाप प्रत्यक्ष काम करणारे आहेत असंच पिल्लू घ्या, नुसत्या शोसाठी पिढ्यान्‌पिढ्या पाळलेल्या घराण्यात ही ओढ बऱ्याचदा कमी झालेली असते.

पिल्लू ८ आठवड्यांच्या आधी आईपासून तोडू नका. भावंडांबरोबर खेळताना जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ थांबतो, आपल्या दातांचा जोर किती लावायचा हे पिल्लू तिथेच शिकतं, आणि पुढे पक्षी तोंडात धरताना हेच उपयोगी पडतं.

आता खरी गडबड इथे होते. पिल्लाचं मन जगासाठी उघडं असतं ते साधारण ३ ते १४ आठवड्यांपर्यंत, ह्या काळात जे जे बघितलं ते त्याला आयुष्यभर ओळखीचं वाटतं आणि जे बघितलंच नाही त्याचा पुढे संशय येतो. आणि नेमक्या ह्याच काळात लसीकरण पूर्ण झालेलं नसतं, साधारण ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू होऊन दर ३-४ आठवड्यांनी डोस असतात ते १६ आठवड्यांपर्यंत चालतात, आणि पार्व्होसारख्या जीवघेण्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकून राहतो. म्हणून काही लोक पिल्लाला चार महिने घरातच कोंडून ठेवतात आणि मग ते रानात गेल्यावर गवत हललं तरी दचकतं. मधला मार्ग आहे. कडेवर घेऊन बाहेर न्या, गाडीत बसवून फिरवा, लस झालेल्या ओळखीच्या कुत्र्यांकडे न्या, अनोळखी कुत्री जिथे हगतात-मुततात तिथे फक्त खाली सोडू नका. आपल्या अंगणात वेगवेगळ्या जमिनी करून द्या, वाळू, खडी, ओलं गवत, लाकडी फळी, पत्रा, उथळ ताटात पाणी. टोपीवाला माणूस, काठीवाला माणूस, लहान पोरं, सायकल, गाई-म्हशी, कोंबड्या सगळं दाखवा, पण लांबूनच आणि त्याला हवं तेव्हा मागे यायची मोकळीक ठेवून. डॉक्टरला विचारून जंताचं औषध आणि रेबीजची लस वेळेवर करा, त्यावर जास्त लिहीत नाही.

पिंजऱ्यात झोपायची सवय, बाहेर शू करायची सवय, नाव ओळखणं, बस म्हटलं की बसणं ह्या गोष्टी कुठल्याही पिल्लाला शिकवतात तशाच शिकवायच्या, शिकारी पिल्लासाठी वेगळं काही नाही. एकच करा, पिंजरा त्याला आवडायला लागू दे, कारण पुढे गाडीतून लांबवर जाताना आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये विश्रांती घेताना त्याचं घर तेच असणार आहे. आणि कुठलाही सराव एका वेळी ३ ते ५ मिनिटं, दिवसातनं दोन-तीन वेळा, बस. पिल्लाला अजून करायचंय असं दिसत असतानाच थांबायचं.

हाक आणि शिट्टी

रानात कुत्रा तुमच्यापासून शंभर पावलं लांब आहे, वारा उलटा आहे, नाकात सशाचा वास भरलाय, अशा वेळी तो मागे वळून येतो की नाही ह्यावर सगळं अवलंबून असतं. आणि ती सवय लागते ती आठव्या-नवव्या आठवड्यात, जेवणाच्या भांड्यापाशी. जेवण खाली ठेवताना दरवेळी शिट्टीचे तीन-चार छोटे छोटे आवाज काढा, पिप पिप पिप. एवढंच, बाकी काही बोलू नका. आठवडाभरात शिट्टी वाजली की ते कुठूनही धावत येतं. मग दुसऱ्या खोलीतून वाजवा, मग अंगणातून, आणि आलं की हातातून काहीतरी चांगलं द्या. शिट्टी तोंडाने मारण्यापेक्षा प्लास्टिकची विकत घ्या, तिचा सूर दरवेळी सारखा येतो आणि घरातलं दुसरं कोणी वाजवली तरी कुत्र्याला तीच वाटते. थांब किंवा बस ह्यासाठी एक लांब शिट्टी नंतर शिकवतात, त्याची घाई नाही.

इथे दोन नियम आहेत ते घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. बोलावून रागवायचं नाही, कधीच नाही, अगदी चपला फाडल्या असल्या तरी, कारण त्याच्या डोक्यात चपलेचा आणि ओरड्याचा संबंध लागत नाही, तुमच्याकडे येण्याचा आणि ओरड्याचा लागतो. नखं कापायची असतील, औषध पाजायचं असेल तर आपण उठून त्याच्याकडे जायचं. आणि दुसरं, जेव्हा ते येणारच नाही असं दिसतंय तेव्हा हाक मारू नका. दहादा हाक मारली आणि आलं नाही म्हणजे दहादा त्याला शिकवलं की हाक ऐकली नाही तरी चालतं. त्यापेक्षा त्याच्या अंगावर ८-१० मीटरची हलकी दोरी राहू दे, जमिनीवरून घासत जाऊ दे, एकदा हाक मारा, नाही आलं तर दोरी उचलून हळू आपल्याकडे आणा आणि आल्यावर शाबासकी तेवढीच द्या. दोरी पकडताना हातमोजे घाला, ओढ बसली की हाताची सालं निघतात.

मोकळ्यात फिरायला नेलं की पिल्लाचं लक्ष नसताना झाडामागे लपा. ते वळून बघतं, तुम्ही नाही, एक क्षण गोंधळतं आणि मग नाक खाली घालून तुम्हाला शोधायला लागतं. सापडल्यावर त्याला जो आनंद होतो तो बघण्यासारखा असतो. ह्यातनं ते हळूहळू शिकतं की ह्या माणसावर लक्ष ठेवलं पाहिजे, हा हरवतो. तीन-चार महिन्यांच्या आधी हा खेळ सुरू करा कारण त्या वयात ते स्वतःहून तुमच्या मागे मागे करतं, पाच-सहा महिन्यांचं झालं की त्याला स्वतःची अक्कल फुटते आणि ते आपलं आपलं लांब जायला लागतं.

वस्तू आणून देणं

घरातला अरुंद पॅसेज निवडा, दारं सगळी बंद, एका टोकाला तुम्ही जमिनीवर बसलेले. पायमोजा गुंडाळून गाठ मारा किंवा भिंतीला रंग द्यायचा छोटा मऊ रोलर असतो तो घ्या. नाकासमोर दोन-तीनदा हलवून त्याची उत्सुकता वाढवा आणि दोन मीटरवर फेका. पिल्लू धावतं, उचलतं आणि मग त्याच्या मनात येतं की आता हे घेऊन कुठे तरी जावं, पण जायला वाट एकच आहे आणि त्या वाटेत तुम्ही बसलाय. ते तुमच्यापाशी आलं की वस्तूला हात लावू नका. हा सगळ्यात अवघड भाग आहे, माणसाचा हात आपोआप तोंडाकडे जातो. आधी छातीवर, पाठीवर, कानामागे हात फिरवा, वस्तू त्याच्या तोंडात राहू दे, मिरवू दे त्याला अर्धा मिनिट. मग हनुवटीखाली तळहात धरा आणि सोडलं की शाबास. जे पिल्लू दरवेळी आणतं आणि दरवेळी लगेच हिसकावून घेतलं जातं ते चार दिवसांत लांबून चक्कर मारायला शिकतं.

दोन-तीनदा फेका आणि वस्तू कपाटात ठेवून द्या. ही त्याच्या खेळण्यांत पडून राहता कामा नये, नाहीतर ते चावत बसतं. रस्सीखेच खेळू नका, तोंडातलं धरून ओढलं की ते अजून घट्ट चावतं आणि पुढे पक्ष्याचा चेंदामेंदा करून आणतं. आणि वस्तू घेऊन पळालं तर मागे धावू नका, उलट दिशेने पळा, तेच तुमच्या मागे येतं.

साधारण ४ ते ६ महिन्यांच्या मध्ये दुधाचे दात पडून नवे येतात, हिरड्या दुखतात, कधी डमीवर रक्त दिसतं. ह्या दिवसांत आणून देण्याचा सराव पूर्ण बंद ठेवा. ते नको म्हणत नाही म्हणून करत राहायचं नाही, दुखणं आणि डमी ह्यांची सांगड बसली तर उचलायचीच टाळाटाळ करायला लागतं. ह्या काळात नाकाचं काम करा, त्याला दातांची गरज नाही.

नाकाचं काम

मला स्वतःला सगळ्यात आवडणारा भाग हा. सशाचं वाळवलेलं कातडं किंवा पक्ष्याचा पंख मिळाला तर उत्तम, नाहीतर वासाची तयार बाटली मिळते, तीही नसेल तर उकडलेल्या मांसाचा तुकडा जुन्या मोज्यात बांधा. दोरीला बांधून गवतातून ओढत न्या, पहिल्या वेळी १०-१५ मीटर सरळ, वारा पाठीमागून येतोय असा बघून. वारा पाठीमागून असेल तर त्याला समोरच्या वस्तूचा वास हवेतून येत नाही, जमिनीलाच नाक लावावं लागतं. शेवटी तोच मोजा ठेवा आणि त्याच्याखाली थोडा खाऊ. आपल्या पायाचाही वास मागाबरोबर पडतो हे लक्षात असू द्या, म्हणून नंतर नंतर लांब काठीला बांधून बाजूने ओढा.

सुरुवातीच्या जागी पिल्लाला आणा, काही बोलू नका, बोट दाखवू नका, उभे राहा. आता बघा. आधी ते इकडेतिकडे बघतं, गवत खातं, तुमच्या बुटाची नाडी ओढतं. मग कधीतरी नाक त्या पट्ट्यावरून जातं आणि डोकं खट्‌कन थांबतं. शेपटी आधी ताठ होते, मग तिचा वेग वाढतो, श्वास जोरजोरात फुर्र फुर्र ऐकू येतो. दोन-तीन मीटर जातं, वास हुकतो, डोकं वर येतं, लहान गोल मारतं, परत सापडतं. शेवटच्या चार मीटरला पळतच सुटतं. हे सरळ जमलं की पुढच्या आठवड्यात एक वळण घाला. वळणावर ते हमखास पुढे निघून जातं, पाच-सहा पावलं रिकामी पडतात आणि मग त्याला कळतं की वास संपलाय. इथे आपला जीव वरखाली होतो, वाटतं दाखवून द्यावं. दाखवू नका. ते जे वळून मागे येऊन शोधतं ना, तेच शिकायचं असतं, खरा ससा वळणं घेतो, उड्या मारून माग तोडतो आणि तिथे तुम्ही बोट दाखवायला नसता. अगदीच मिनिटभर सापडलं नाही तर त्याला न बोलता हलकेच मागच्या जागी आणा, आणि पुढचा माग सोपा घाला.

सकाळी दव असताना जमीन थंड आणि ओलसर असते, वास चांगला टिकतो. दुपारी कोरड्या उन्हात, जोराच्या वाऱ्यात चांगल्या मुरलेल्या कुत्र्यालाही जड जातं, तेव्हा पिल्लाला तिथे नापास करायला नेऊ नका.

पॉइंटर-सेटर असेल तर काठीला दोरी आणि दोरीला पंख बांधून समोर नाचवतात, पिल्लू झडप घालायला बघतं, पंख उडून जातो, दोन-चार वेळा असं झालं की ते उभं राहून रोखून बघायला लागतं. फोटो छान येतात. पण हे दोन-तीनदा करा आणि सोडून द्या, कारण ते डोळ्याने पॉइंट धरायला, म्हणजे सावज बघून थिजून उभं राहायला शिकतं आणि आपल्याला हवा असतो तो नाकाने धरलेला पॉइंट.

बंदुकीचा आवाज

हे सावकाश वाचा. बंदुकीच्या बाराला घाबरणारी कुत्री क्वचित जन्मतः तशी असतात, बहुतेक माणसांनी केलेली असतात. १२ बोअरच्या (बोअर म्हणजे नळीचं माप, आकडा लहान तेवढी नळी मोठी) बंदुकीचा आवाज जवळून १५० डेसिबलच्या वर जातो, माणूस कानात बोळे घालतो आणि कुत्र्याचे कान तर आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. पिल्लाला नेमबाजीच्या मैदानावर नेऊन सवय करायची, किंवा जेवत असताना डोक्यावर बार काढून बघायचं घाबरतं का, हे प्रकार करणारे लोक अजून आहेत. त्याचा परिणाम असा होतो की बंदूक खांद्यावर दिसली तरी कुत्रा गाडीखाली जाऊन बसतो.

सुरुवात घरात. जेवताना शेजारच्या खोलीत भांड्याचं झाकण ठेवल्याचा आवाज, दार लावल्याचा, टाळीचा, साधे सहज आवाज, त्याने मान वर करून परत खायला सुरुवात केली की ठीक. खाणं थांबवून मागे सरकलं तर आवाज कमी करा. हे दोन-तीन महिने चालू दे. मग बाहेर, पिल्लू कशात तरी पूर्ण गुंतलेलं असताना, डमीच्या मागे धावतंय किंवा पंखाच्या मागे आहे, अशा वेळी दुसरा माणूस १०० ते १५० पावलं लांब उभा राहून टिकलीच्या पिस्तुलाचा किंवा शर्यत सुरू करताना वाजवतात त्या स्टार्टर पिस्तुलाचा एकच आवाज काढेल. तुम्ही आवाजाकडे बघायचंसुद्धा नाही, तुमचं लक्ष पिल्लाकडे. कान वळले आणि खेळ चालू राहिला तर उत्तम. थांबलं, शेपटी खाली गेली, तुमच्या पायाशी आलं तर आवाज फार जवळून झाला, त्या दिवशी तिथेच बंद. पायाशी आलं तर खुशाल हात फिरवा, धीर दिल्याने भीती वाढत नाही, फक्त आपण घाबरंघुबरं होऊन अरे अरे करू नका. पुढच्या वेळी अंतर दुप्पट, आणि मध्ये आठ-दहा दिवस जाऊ द्या.

एका दिवशी एक-दोन आवाज पुरे. जवळ येणं आठवड्या-आठवड्यांनी, प्रत्येक वेळी थोडंसं. ते पूर्ण निवांत झालं की आधी कमी आवाजाची बंदूक परत लांबून, मग २० बोअर, मग १२. आणि शक्य असेल तर खरा बार पहिल्यांदा तेव्हा व्हावा जेव्हा समोर पक्षी उठलाय आणि कुत्र्याचं सगळं लक्ष तिकडे आहे, म्हणजे त्याच्या डोक्यात बाराचा अर्थ सावज असाच बसतो. फटाके उडतात त्या रात्री पिल्लू आतल्या खोलीत, खिडक्या बंद, पंखा किंवा टीव्ही चालू. साधारण ८ ते १० आठवड्यांत आणि परत सहाव्या महिन्यानंतर कधीतरी पिल्लं आपोआपच बुजरी होतात, कालपर्यंत चालणाऱ्या गोष्टीला आज भितात, ते दिवस दिसले की आवाजाचं काम पुढे ढकला.

पाणी, झाडी आणि चालणं

पाण्यात फेकायचं नाही, कुठल्याही कारणासाठी नाही. पाणी कोमट असेल अशा दिवशी, उतार सौम्य असेल अशा जागी, तुम्ही स्वतः पँट दुमडून आत जा आणि त्याला हवं तेव्हा येऊ दे. पोहणारा मोठा कुत्रा बरोबर असेल तर अर्धं काम तो करतो. साचलेल्या घाण पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जंतूंचा रोग) होतो, त्याची लस डॉक्टरला विचारा.

झाडीत न्यायचं ते आधी गुडघ्याएवढ्या गवतात, मग दाट, मग काट्याकुट्यांत. त्याच्या वेगाने, त्याच्या मनाने. लांब पल्ल्याचं पळणं, सायकलबरोबर धावणं, उंचावरून उड्या हे सगळं वर्ष-दीड वर्षाचं होईपर्यंत नको, हाडांची वाढायची टोकं अजून मऊ असतात आणि तिथे झालेली इजा जन्मभर लंगडायला लावते. ऊन तापायच्या आत घरी या, पिल्लाला थांबायचं कळत नाही, जीभ फार बाहेर, हिरड्या लालभडक, चाल अडखळती दिसली की लगेच सावली, अंगावर साधं पाणी आणि डॉक्टर.

कोंबड्या, मांजर, गुरं, हरणं ह्यांच्या मागे धावायला लागलं तर पहिल्याच वेळी दोरीने थांबवा आणि दुसरीकडे लक्ष वळवा. पाठलागात इतकी मजा असते की दोन-तीनदा मोकळं धावायला मिळालं की तेवढं पुरतं, मग कुठलाही खाऊ त्याच्यापुढे फिका पडतो. विजेच्या झटक्याचा पट्टा ह्या वयात नकोच, हाक म्हणजे काय हेच ज्याला अजून पक्कं माहीत नाही त्याला झटका कशाचा बसला हे कसं कळणार, तो झटका जवळ जे असेल त्याला चिकटतो, गवताला, पक्ष्याला नाहीतर तुम्हाला.

पहिलं सावज आणि पहिला हंगाम

दात पूर्ण आले, डमी हातात देतं, शिट्टीवर येतं, बार चालतो, एवढं झालं की पहिला पक्षी. तो मेलेला, थंड झालेला, अखंड आणि शक्यतो लहान असू दे, गोठवून ठेवलेला वापरणार असाल तर पूर्ण वितळवून. जखमी पक्षी पिल्लासमोर टाकू नका. पंखाचा फटका किंवा नखी नाकावर बसली की एक तर ते परत तोंड लावत नाही नाहीतर दुसऱ्या वेळी आधी चावून मारतं, दोन्ही वाईट. वास घेऊ दे, पंजा मारू दे, उचलायला पाच मिनिटं लागली तरी लागू दे.

पहिल्या हंगामात पिल्लू ६ ते ८ महिन्यांचं असेल तर त्याला फक्त तास-दोन तास न्या, आणि तुमची बंदूक दुसऱ्याच्या हातात द्या, तुम्ही कुत्र्याकडे बघा. दोन्ही एकदम नीट होत नाही. अनुभवी कुत्र्याबरोबर काही वेळा सोडलं तर ते खूप भरभर शिकतं, पण कायम तसंच सोडलं तर ते सावजाचा माग न काढता त्या कुत्र्याच्या शेपटीचा काढतं, म्हणून अधेमधे एकटं न्यायला हवं. ससा जमिनीवरून पळतो आणि कुत्रा त्याच उंचीवर मागे असतो, म्हणून ससा कितीही चांगला समोर आला तरी मध्ये भरपूर जागा दिसल्याशिवाय बार नाही, आणि गळ्यात भडक नारिंगी पट्टा प्रत्येक वेळी. हातातनं सावज गेलं तर जाऊ दे.

सशाची आतडी वगैरे कच्ची खाऊ देऊ नका, त्यातनं पट्टकृमी होतात, आणि तुम्हीसुद्धा ससा साफ करताना हातमोजे घाला, तुलारेमिया हा सशांचा जंतूंचा रोग माणसालाही होतो. घरी आल्यावर कुत्रा पुसायच्या आधी उजेडात बसून बोटांच्या बेचक्या, कानाच्या आत, काखा, पापण्या, शेपटीखाली सगळं बोटाने चाचपून बघा, गोचीड आणि कुसळं तिथेच असतात. कुसळ एकदा कातडीत घुसलं की उलटं बाहेर येत नाही, पुढे पुढेच जातं, म्हणून कुत्रा एकाच पायाला सारखा चाटत असेल, मान एका बाजूला झुकवून डोकं झटकत असेल किंवा एकामागोमाग शिंका देत असेल तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. आणि रानातून आल्याच्या दुसऱ्या दिवशी पिल्लाला पूर्ण सुट्टी, नुसतं झोपू दे.